आधी कोणता फोटो? आरोग्यमंत्र्यांना नगर जिल्ह्यातून खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



1 फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक घोषणा झाली. येत्या तीन वर्षांत देशातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचे डे-केअर केंद्र उभे राहील, आणि त्यातली 200 केंद्रे 2025-26 या एकाच वर्षात. राज्य मंत्रिमंडळानेही त्याच वर्षी कर्करोगाच्या उपचारांसाठी तीन स्तरांच्या रुग्णालयांच्या जाळ्याला मान्यता दिली. सकाळी केमोची सलाइन लावायची आणि संध्याकाळी घरी परतायचे, ही सोय जिल्ह्याच्या गावी मिळणार म्हटल्यावर अहिल्यानगरइतका आनंद क्वचितच दुसऱ्या जिल्ह्याला झाला असेल. (कागदावर नाव बदलले तरी एसटी स्टँडवर अजून ‘नगर, नगर’ अशीच हाक ऐकू येते; या पत्रातही दोन्ही नावे येतील, आपण समजून घ्यावे.)

आनंदाचे कारण नकाशात आहे. 17,048 चौरस किलोमीटरचा हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. 14 तालुके, 2011 च्या जनगणनेनुसार 45 लाख 43 हजार लोक. एवढ्या पसाऱ्यात कर्करोगाच्या पेशंटची वाट तालुक्यागणिक फुटते. अकोले-संगमनेरचा माणूस नाशिक गाठतो, पारनेर-श्रीगोंद्याचा पुणे. शेवगाव-पाथर्डीकडच्यांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जवळचे, तर जामखेडच्यांना खर्ड्यावरून बार्शी. एकाच जिल्ह्यातले पेशंट चार दिशांना जातात आणि चार प्रकारचे कागद घेऊन परततात. उद्या हे सगळे कागद नगरच्या डे-केअर केंद्राच्या एकाच टेबलावर येऊन पडतील.

त्या टेबलावर रोज एक प्रश्न उभा राहणार आहे: आजार हाडात उतरलाय का? उत्तर ‘नाही’ असेल तर ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांची आखणी आजार मुळापासून काढण्याच्या हिशेबाने होते. ‘हो’ असेल तर सगळा बेतच बदलतो. हाडे जपणारे झोलेड्रोनिक अॅसिड लागते, दुखऱ्या जागी रेडिएशन लागते, मांडीचे हाड मोडण्याआधी त्यात सळई घालावी लागते. म्हणजे केंद्रातली औषधे कुणाला आणि कधी, हे ठरवणारा फोटो आधी हवा. केंद्रांच्या घोषणेत औषधांची आणि खाटांची चर्चा भरपूर झाली. या फोटोंचा क्रम कुणी ठरवायचा, याबद्दल मात्र फारसे कुणी बोलले नाही. हे पत्र त्या क्रमासाठी आहे.

स्तन आणि प्रोस्टेट हे हाडांकडे सर्वाधिक ओढा असलेले कर्करोग. या दोन आजारांनी दगावलेल्यांच्या शवविच्छेदनांत सुमारे 70 टक्के जणांच्या हाडांत आजार सापडल्याचे जुने अभ्यास सांगतात. फुप्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइड त्यांच्या मागोमाग. पेशी रक्तातून येतात आणि जिथे तांबडी मज्जा आहे तिथे मुक्काम करतात: मणके, कंबरेचा सांगाडा, फासळ्या, मांडीच्या हाडाचा वरचा भाग. मणक्यांभोवती झडपा नसलेल्या शिरांचे एक जाळे असते. खोकताना, कुंथताना, वजन उचलताना त्यातले रक्त उलट्या दिशेनेही वाहू शकते. बॅट्सन या शरीररचनाशास्त्रज्ञाने 1940 मध्ये ते दाखवून दिले, आणि प्रोस्टेटचा आजार थेट पाठीच्या कण्यात कसा पोचतो याचा एक उलगडा झाला.

आता हे पाथर्डीच्या किंवा जामखेडच्या एखाद्या घरात कसे दिसते ते पाहावे. वर्षातले पाच-सहा महिने उसाच्या फडात मोळ्या वाहणाऱ्या बाईची कंबर दुखली तर त्यात नवल कुणाला वाटेल? ‘मणक्यात गॅप पडलाय’, ‘नस दबलीय’, ‘वात आहे’ ही निदाने घरातच तयार असतात. मलम होते, पट्टा येतो, गोळी-इंजेक्शन होते. तीन वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली होती, ही गोष्ट ती कंबर दाखवायला आलेल्या दवाखान्यात सांगत नाही; तिच्या दृष्टीने तो विषय संपलेला असतो आणि इथे कुणी विचारलेलेही नसते. मग एक्स-रे निघतो. फिल्मवर ‘नॉर्मल’ दिसते. पुढचे दोन-तीन महिने त्या एका शब्दावर जातात.

एक्स-रेवर राग धरण्यात अर्थ नाही, त्याची मर्यादा ठरलेली आहे. मणक्यातले साधारण 30 ते 50 टक्के खनिज झिजल्याशिवाय एक्स-रेवर खड्डा दिसतच नाही. मज्जेत आजार बसला आणि बाहेरची भिंत शाबूत असली, की फिल्म स्वच्छ येते. म्हणून ज्याला पूर्वी कर्करोग झाला आहे त्याच्या पाठदुखीत ‘एक्स-रे नॉर्मल’ याचा अर्थ ‘अजून काही कळले नाही’ एवढाच घ्यायचा असतो. एक्स-रेचा खरा उपयोग वेगळ्या जागी आहे. मांडीच्या किंवा दंडाच्या हाडात डाग आहे हे कळल्यावर ते हाड मोडेल का, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. मायरेल्स यांनी 1989 मध्ये त्यासाठी जागा, दुखणे, डागाचा प्रकार आणि आकार यांवर गुण देण्याची पद्धत मांडली, ती आजही वापरात आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या एक्स-रे मशिनवरही हे काम होते.

आता हाडांचा स्कॅन. जिल्ह्याच्या दृष्टीने या पत्रातली ही सर्वांत कामाची तपासणी, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबायला हवे.

स्कॅनसाठी लागणारे टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य सहा तासांत निम्मे होते. एवढ्या अल्पायुषी मालाची साठवण करणे शक्य नाही. त्याचा जनक मॉलिब्डेनम मात्र 66 तासांनी निम्मा होतो. तो शिशाच्या जाड कवचातल्या छोट्या यंत्रात, म्हणजे जनरेटरमध्ये, भरून पाठवतात. आपल्याकडे नवी मुंबईतल्या वाशीचे ‘ब्रिट’, म्हणजे अणुऊर्जा विभागाचे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, हे काम करते. रुग्णालयातला तंत्रज्ञ रोज सकाळी त्या जनरेटरमधून सलाइन ओढून घेतो, त्याबरोबर ताजे टेक्नेशियम उतरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजे तयार, थोडे कमी एवढेच. या खात्यातले लोक जनरेटरला गाय म्हणतात आणि या कामाला दूध काढणे. संगमनेर-राहुरीकडच्या दुधाच्या पट्ट्याला हे अर्थशास्त्र वेगळे समजावून सांगायला नको. आठवडाभर धार देणारी ही गाय रस्त्याने नगरला येऊ शकते.

उतरवलेले टेक्नेशियम फॉस्फेटच्या एका संयुगाला बांधतात. अशा फॉस्फेट संयुगाची वाट 1971 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये गोपाल सुब्रमण्यन आणि मॅकअफी यांनी दाखवली. त्याआधी हाडांचे स्कॅन होत, पण चित्र अंधुक आणि किरणांचा मारा जास्त. पुढे सुधारत आलेले एमडीपी हे संयुग आज जगभर वापरतात.

पेशंटच्या बाजूने सगळे सोपे असते. हाताच्या शिरेत एक छोटे इंजेक्शन, त्यानंतर सुमारे तीन तासांची वाट. त्या वेळात भरपूर पाणी प्यायचे आणि पुनःपुन्हा लघवीला जायचे, म्हणजे हाडांनी न घेतलेले औषध धुऊन निघते. टेबलावर झोपण्याआधी मूत्राशय रिकामे करायला सांगतात. ते भरलेले राहिले तर कंबरेच्या सांगाड्यावर काळा गोळा येतो आणि त्यामागचे हाड झाकले जाते. मग वीस-तीस मिनिटे गामा कॅमेरा डोक्यापासून पायापर्यंत सरकतो. पेशंटला काही जाणवत नाही, आवाजही नाही. अंगाला मिळणारे किरण साधारण दोन वर्षांत निसर्गातून आपोआप मिळतात तेवढे. त्या दिवशी लहान बाळ मांडीवर घेऊ नये आणि गरोदर बाईजवळ फार वेळ बसू नये, एवढेच पथ्य. हातात येते ती पूर्ण सांगाड्याची करडी आकृती, पुढून एक आणि मागून एक; जिथे हाड डागडुजी करते आहे तिथे काळा ठिपका.

‘डागडुजी’ हेच या तपासणीचे बळ आणि हीच तिची खोट. कॅमेऱ्याला कर्करोग दिसत नाही, कर्करोगाने उखडलेले हाड स्वतःला सावरताना दिसते. हाड तर झिजलेल्या गुडघ्यातही सावरते, पायरीवरून पडून मुडपलेल्या फासळीतही आणि मणक्याच्या क्षयातही. क्षय अजून गेलेला नाही अशा देशात हा शेवटचा मुद्दा परदेशी पुस्तकात लिहिला आहे त्याहून मोठा ठरतो. एकाच फासळीवर एकच ठिपका असेल तर तो बहुतेकदा निरुपद्रवी निघतो. उलट बाजूला मायलोमासारखा मज्जेचा कर्करोग हाडाला सावरायची संधीच देत नाही, आणि हाड पोखरले जात असताना स्कॅन कोरा येतो. प्रोस्टेटचा आजार फारच पसरला की सगळाच सांगाडा सारखा काळा होतो, वेगळा ठिपका उरत नाही. मूत्रपिंडे दिसेनाशी झाली आहेत एवढ्या खुणेवरून ते ओळखायचे असते. घाईत पाहणारा हाच फोटो ‘स्वच्छ’ म्हणून खाली ठेवू शकतो. आणखी एक चकवा आहे. औषध लागू पडल्यावर पहिले काही महिने हाड जोमाने भरून येते, त्यामुळे ठिपके वाढलेले दिसतात. पेशंटचे दुखणे कमी झाले आहे आणि स्कॅन बिघडला आहे, अशा वेळी औषध बदलण्याची घाई केली तर चालू पडलेले औषध हातचे जाते. स्पेक्ट-सीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन आणि सीटी एकत्र, जोडलेला कॅमेरा असला की यातल्या निम्म्याअधिक शंका तिथल्या तिथे मिटतात, कारण ठिपका नेमका सांध्यावर आहे की मणक्याच्या गाभ्यात, हे त्यात दिसते.

पेट-सीटीचे नाव आज खेडोपाडी पोचले आहे. ‘पेट केला का?’ हा प्रश्न नातेवाईक एकमेकांना विचारतात, आणि न करणे म्हणजे पेशंटची हेळसांड असा एक समजही रुजला आहे. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला, तेव्हापासून हे तंत्र महाराष्ट्राच्या ओळखीचे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने हे सेंटर 1963 मध्ये टाटा रुग्णालयाच्या शेजारी उभारले, आणि भारतातल्या अणुवैद्यकाचा बराचसा इतिहास तिथेच घडला.

पेटमध्ये नेहमी वापरतात ती एफडीजी ही किरणोत्सारी साखर. भुकेल्या पेशी ती खातात आणि उजळतात. त्यामुळे हाड पोखरणारा आणि नुकताच मज्जेत शिरलेला आजार ती हाडांच्या स्कॅनपेक्षा लवकर पकडते, शिवाय यकृत-फुप्फुसाचाही हिशेब एकाच वेळी देते. प्रोस्टेटमध्ये मात्र हाड कठीण होत जाते आणि तिथे साखरेची भूक बऱ्याचदा मंद असते. त्या आजारासाठी पीएसएमए नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटणारा वेगळा पेट आला. ऑस्ट्रेलियातल्या दहा केंद्रांत जोखमीचा प्रोस्टेट कर्करोग असलेल्या 302 पुरुषांवर त्याची परीक्षा झाली. ‘लॅन्सेट’मध्ये 2020 साली आलेल्या निकालानुसार पीएसएमए पेटची अचूकता 92 टक्के भरली, तर सीटी आणि हाडांचा स्कॅन मिळून 65 टक्के. फरक लहान नाही. अचूकता वाढली म्हणून पेशंटचे आयुष्यही वाढले, असे मात्र त्या अभ्यासाने म्हटलेले नाही, तो त्याचा विषयच नव्हता.

इथे पुन्हा नगरचा रस्ता आडवा येतो. एफडीजीतले फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मे होते. पुण्याच्या बाजूने निघालेली गाडी शिरूर, सुप्याची गर्दी पार करून 120 किलोमीटरवरच्या नगरला तीन तासांनी पोचली, तर निघताना भरलेल्या मालातला जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. टेक्नेशियमचे तेवढ्याच वेळात सुमारे 70 टक्के शिल्लक राहिले असते, आणि जनरेटर जागेवर असेल तर प्रवासाचा प्रश्नच नाही. पीएसएमएसाठी लागणारे गॅलियम-68 अवघ्या 68 मिनिटांत निम्मे होते, पण त्याचाही जनरेटर मिळतो आणि तो महिनोनमहिने चालतो; महाग आहे, एवढेच. पेट करायचाच तर पेशंटला पेटकडे नेणे सध्या जास्त शहाणपणाचे. फक्त कुणाला न्यायचे, हे आधी ठरलेले हवे.

आकडे पाहिले की ठरवणे सोपे जाते. ‘युरोपियन रेडिओलॉजी’त 2011 मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद प्रसिद्ध झाली. ज्यांच्या हाडात आजार आहे अशा 100 जणांपैकी पेटने सुमारे 90, एमआरआयने 91, हाडांच्या स्कॅनने 86 आणि सीटीने 73 जण ओळखले. ज्यांच्या हाडात आजार नाही अशा 100 जणांना ‘नाही’ म्हणून सांगण्यात पेट 97, एमआरआय आणि सीटी 95 आणि हाडांचा स्कॅन 81. पेशंट गाठण्यात जुना स्कॅन नव्या यंत्रांच्या पाठोपाठच आहे. तो कमी पडतो ते खोटी घंटा वाजवण्यात: शंभरातल्या 19 जणांना उगाच घोर लावतो. त्यावर उपाय, त्याने दाखवलेल्या संशयित जागेचा तेवढाच सीटी किंवा एमआरआय. पूर्ण अंगाचा पेट खासगी केंद्रात हाडांच्या स्कॅनच्या कित्येक पट महाग पडतो हे लक्षात घेतले, तर पहिली पायरी कोणती असावी याबद्दल फार वाद उरू नये.

एक जागा मात्र अशी आहे जिथे पायऱ्या चढत बसायला वेळ नसतो, आणि तिथे हाडांचा स्कॅन आणि पेट दोन्ही बाजूला ठेवून थेट एमआरआय लागतो. मणक्यातला आजार मागे सरकून मज्जारज्जू दाबू लागतो तेव्हा आधी दुखणे बदलते. आडवे पडल्यावर वाढते, रात्री झोपू देत नाही, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे होते. मग पाय जड होतात, पायरी चढताना गुडघा लचकतो, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. शेवटी लघवी अडते. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेचा दंडक असा, की मज्जारज्जू दबल्याची लक्षणे असतील तर 24 तासांच्या आत पूर्ण पाठीच्या कण्याचा एमआरआय झाला पाहिजे. त्यामागचे कारण अगदी रोकडे आहे. उपचार सुरू होताना पेशंट चालत असेल तर बहुधा पुढेही चालतो. पाय गेल्यावर आला तर परत उभे राहणारे थोडेच. अमेरिकेतल्या पॅचेल यांच्या 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निवडक पेशंटांवर शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही केले तेव्हा 84 टक्के जण चालू शकले, फक्त रेडिएशन दिलेल्यांपैकी 57 टक्के.

आणि इथे एक बारीकशी चूक वारंवार घडते. चिठ्ठीवर ‘एमआरआय एल-एस स्पाइन’ लिहिले जाते, म्हणजे फक्त कंबर. पेशंट कंबरेला हात लावून दाखवतो, कंबरेचा एमआरआय स्वस्तही पडतो. पण मज्जारज्जू सर्वाधिक दबतो तो छातीच्या मागच्या मणक्यांत, आणि अनेकदा एकाहून अधिक ठिकाणी. मशीनमध्ये झोपलेल्या पेशंटचे छायाचित्र पाच-सहा इंच वर सरकवले असते तर जे दिसले असते, ते फिल्मच्या कडेबाहेर राहून जाते. ‘पूर्ण पाठीचा कणा’ हे तीन शब्द छापलेला एक रबरी शिक्का प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला दिला तरी काही पाय वाचतील. मंत्रालयातून निघणाऱ्या योजनांमध्ये एवढी स्वस्त योजना दुसरी सापडणे अवघड!

क्रम ठरवायचा म्हणजे काही तपासण्या नाकारायच्याही. लहान गाठ, लवकरच्या पायरीवरचा स्तनाचा कर्करोग, हाडांचे कसलेही दुखणे नाही. अशा बाईला हाडांचा स्कॅन किंवा पेट करू नये. कमी जोखमीच्या, रक्तातले पीएसए हे प्रथिन 10 च्या आत असलेल्या प्रोस्टेटच्या पेशंटलाही नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये टाळायच्या पाच गोष्टींची यादी केली, तिच्यात या दोन्ही होत्या. कारण अशा पेशंटांत खरा आजार सापडण्याची शक्यता नगण्य आणि खोट्या ठिपक्याची शक्यता ठळक. मग ठिपक्यामागे एमआरआय, एमआरआयमागे सुईची तपासणी, आणि या सगळ्यात मूळ ऑपरेशन महिनाभर लांबते. गाय विकून पेट केलेला पेशंट जिल्ह्यात हुडकावा लागत नाही. त्याला तो कुणी आणि का लिहून दिला, हे विचारण्याची जागा मात्र कुठेच नाही.

आपल्या खात्याला हे सगळे परदेशातून उसने आणावे लागणार नाही. जामखेडच्या हद्दीला लागून असलेल्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 52 गटांमधल्या 1 लाख 31 हजार 746 बायकांना सामावून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी झाली. टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय त्यात होते. 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला: एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी, आयुष्यात एकदा, आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर. तीन वेगवेगळ्या तपासण्या समोरासमोर ठेवून कोणती खेड्यात चालते, हे मराठवाड्यातल्या वाड्यावस्त्यांवर तपासले गेले आणि जगाने ते स्वीकारले. बार्शीतच 1987 पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. हाडांच्या तपासण्यांचा क्रम नगरच्या पेशंटांवर कसा चालतो, याची नोंद ठेवायला हात धरून शिकवणारे शेजारी इतके जवळ आहेत.

जामखेडचे उदाहरण तर घरचेच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे काम सुरू केले आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना गावच्या आरोग्यसेविका म्हणून उभे केले. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायका बाळाचे वजन, गरोदरपणातला धोका, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखायला शिकल्या. आजच्या आशाताईंना चार प्रश्न शिकवणे त्याहून अवघड नाही. पूर्वी कॅन्सर झाला होता का? रात्री झोपल्यावर पाठ जास्त दुखते का? पाय जड पडतात का? लघवी अडते का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि उरलेल्यांपैकी एकाचेही ‘हो’ आले, तर मलम आणि पट्ट्याची वाट बंद करून थेट फोन. हा फोन कुणाच्या टेबलावर वाजावा, एवढे ठरवून देणे आपल्या हातात आहे.

म्हणून मागणी यंत्रांच्या लांबलचक यादीची नाही. डे-केअर केंद्राच्या शासन निर्णयाला एक परिशिष्ट जोडावे. हाडाच्या शंकेत पहिला फोटो हाडांचा स्कॅन, संशयित जागेला सीटी किंवा एमआरआय, पेट कोणत्या आजारात आणि कोणत्या पायरीला, आणि कुणाला यातले काहीच नको, हे त्यात मराठीत लिहिलेले असावे आणि ते केंद्राच्या भिंतीवर लागावे. स्पेक्ट-सीटीसाठी नगर, लोणी, शिर्डी, बार्शी, संभाजीनगर यांपैकी ज्या केंद्राशी करार होईल तिथे आठवड्याचे ठरलेले वार आणि पेशंटला नेणारी गाडी हवी. जिल्हा रुग्णालयाशी करार असलेल्या एमआरआय केंद्रात रोज एक जागा पाय जड पडलेल्या कर्करुग्णासाठी दुपारपर्यंत राखून ठेवावी; दुपारनंतर ती इतरांना खुशाल द्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पाच लाखांचे छत्र आता प्रत्येक कुटुंबावर आहे, पण योजनेची बांधणी उपचारांच्या पॅकेजांभोवती आहे. हाडांचा स्कॅन आणि पूर्ण कण्याचा एमआरआय ही दोन नावे, उपचार ठरण्याच्या आधीच्या तपासण्या म्हणून, तिच्यात स्पष्ट लिहिली जावीत.

हाडाच्या दुखण्यावर रेडिएशनचा एकच मोठा डोस, 8 ग्रे, हा बहुतेक पेशंटांत दहा दिवसांच्या कोर्सइतकाच आराम देतो, हे आता सर्वमान्य आहे. पुन्हा द्यावा लागण्याची शक्यता थोडी जास्त असते. म्हणजे पाथर्डीच्या माणसाला पुण्यात दहा दिवस धर्मशाळेत राहण्याची गरज नाही. एका दिवसात काम होते. मात्र तो डोस नेमका कुठे द्यायचा हे दाखवणारा फोटो त्याच्या पिशवीत असेल तरच. फिल्म नको, सीडी किंवा मोबाइलवर उघडणारी लिंक हवी. फिल्म एसटीत दुमडते आणि पुढचा डॉक्टर तीच तपासणी पुन्हा लिहून देतो. हा परिशिष्टातला शेवटचा मुद्दा असावा.

कळावे,
आपला,
एक नगरकर

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी: जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, अहिल्यानगर